डोंगर नागवा कुणी केला, ते आधी सांगा

दर जूनला पुण्यात एक साथ येते. वृक्षारोपणाची साथ. पहिला पाऊस झाला, मातीचा वास सुटला की एरवी अकराव्या मजल्यावर एसीत बसणाऱ्यांना एकाएकी डोंगराचा पुळका येतो. बसगाड्या भरतात. काही पानशेतच्या रस्त्यानं सुटतात, काही हायवेनं चेलाडी फाट्याला वळून नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्यात शिरतात, काही कापूरव्होळवरून भोरला. अंगात एकसारखे टी-शर्ट. टी-शर्टवर कंपनीचं नाव आणि एक हिरवं पान. उतारावर खड्डे तयार. रोपं तयार. पोहे तयार. साहेब रोप ठेवतो, चार बोटं माती लोटतो, फोटो काढतो, कमरेला हात लावून "दमलो बुवा" म्हणतो आणि गाडीत जाऊन बसतो.

खड्डे कुणी खणले हे कुणी विचारत नाही. मी विचारतो, कारण ते माझ्या आयनं खणलेत. तीस वर्षं खणलेत. कधी रोजगार हमीवर, कधी रोजंदारीवर, कधी कुणा ठेकेदाराच्या हाताखाली. खड्डा मोजून पैसे. मऊ मातीचा भाव वेगळा, मुरमाचा वेगळा. आणि मोजणारा मुकादम मुरमाला नेहमी मऊ मातीच लिहिणार. गेल्या खेपेला फोटोच्या वेळी टी-शर्टवाली एक पोरगी तिला गोड आवाजात म्हणाली, "मावशी, जरा बाजूला व्हा ना." आय बाजूला झाली. तिला बाजूला व्हायची सवय आहे. आमच्या हजार वर्षांच्या पिढ्या त्यातच गेल्या.

आता लगेच कुणीतरी नाक मुरडणार, की यांनी झाड लावण्यातसुद्धा जात आणली. होय, आणतो. कारण डोंगर नागवा होण्यात जात होती, आणि तो झाकण्यातही ती आहे. झाडं नकोत असं मी म्हणत नाही. डोंगर सुटला तर तो काय कोथरूडच्या सोसायटीवर येणार आहे? तो आमच्याच छपरावर येणार. तेव्हा डोंगरावर आपल्या मातीतली झाडं, झुडपं, गवत पुन्हा उभं राहिलं पाहिजे ही गरज पहिल्यांदा आमची आहे. म्हणूनच हा धंदा ज्या रीतीनं चाललाय तिच्यावर मी थुंकतो.

शाळेच्या पुस्तकात या खटल्याचे आरोपी आधीच ठरलेले असतात. कातकरी जंगल जाळतो. धनगराची शेळी रोप खाते. महारामांगाची बाई मोळी तोडते. मोळीवाल्या बाईची कोयती जप्त, वर दंड. खटला निकाली.

खोटं आहे हे. साक्ष बाहेरून आणायची गरज नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं, हे पुण्याचं पोर न् पोर सांगतं. नदीपात्राजवळचे वाडे कसे खचले ते सांगतं. पण त्या धरणापायी आंबी नदीचं खोरं बुडालं, भाताची खाचरं बुडाली, त्याची आठवण कोण काढतं? माधव गाडगीळांनी १९७९ साली डोंगर, धरणं आणि जंगलं यांवर एक निबंध लिहिला. या खोऱ्यात काय झालं ते त्यात आहे. खाली खाचरं बुडाली तेव्हा जे मागं राहिले ते वर सरकले. नाचणी-वरईसाठी उतार फोडायला लागले. दुसरं करणार काय, पोट खाली बुडलं होतं. धरणासाठी रस्ता झाला आणि त्या रस्त्यानं कोळशाचे व्यापारी आत आले. उठणाऱ्या माणसाची झाडं कवडीमोलानं गेली. भट्ट्या लागल्या. त्या भट्ट्यांवर राबला कोण? उचल घेऊन बांधलेला कातकरी. बायकापोरांसकट, काळाठिक्कर. आणि कोळसा गेला शहरात. म्हणजे त्या खोऱ्याचं पाणी त्याच डोंगराच्या कोळशावर उकळून ज्यांनी चहा ढोसला, त्यांची नातवंडं आज त्याच डोंगरावर झाड लावून आम्हाला पर्यावरण शिकवतात!

भोरकडं या. वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण. आजचं धरण १९२७-२८ च्या आगेमागे पुरं झालं. म्हणजे घाटाखाली महाडात बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेत होते, धर्ममार्तंड त्यावरून लाठ्या चालवत होते, त्याच वर्षांत घाटाच्या वरच्या अंगाला एक आख्खी नदी अडवली जात होती. साडेतेवीस टीएमसी. ते पाणी नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यानं बारामती-फलटणकडं, उसाला. ओंजळभर पाण्यानं धर्म बाटतो, पण नदीच्या नदी उचलून नेली तर विकास होतो. नंतर नीरा-देवघर झालं, गुंजवणी झालं. दर पावसाळ्यात उघड्या उताराची माती या धरणांत उतरते. डोंगरावर रोप लावलं की गाळ थांबतो, धरण जगतं, ऊस जगतो, कारखाना जगतो. मग त्या झाडाची राखण करणाऱ्या बाईचा पगार कारखान्यानं का देऊ नये? विचारलंय कुणी?

आजचा डोंगर फोडणारा तर जेसीबीवर बसून येतो. वरसगावच्या पाण्याकाठी मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरांत लवासा नावाचं शहर कापलं. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्यानं काम थांबवलं, वर्षभरानं अटी घालून परवानगी दिली, आणि पुढं कंपनीच दिवाळखोरीत गेली. डोंगराला दिलेली जखम काही दिवाळखोरीत जात नाही, ती तिथंच राहते. हे झालं मोठं. बारके तर मोजता येत नाहीत. पानशेतच्या रस्त्याला, गुंजवणीच्या काठाला, जिथं नजर टाकाल तिथं प्लॉटिंगचे बोर्ड. 'लेक व्ह्यू', 'फोर्ट व्ह्यू'. उताराचा पायथा खरवडायचा, सपाट टेबल करायचं, वर बंगला. खरवडलेली माती खालच्या ओढ्यात. आणि बंगल्याच्या फाटकाशी दोन पामची झाडं, निसर्गप्रेम म्हणून.

वेल्हे तालुका आता सरकारी कागदावर राजगड तालुका झाला. किल्ल्याचं नाव तालुक्याला मिळालं, किल्ल्याखालच्या माणसाला सातबारा मिळाला नाही. झाडाची भाषणं करताना आज्ञापत्राचा दाखला हटकून येतो. रयतेची झाडं तोडू नयेत वगैरे. पण झाड लागलंच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं, असंही रामचंद्रपंत अमात्यांनी त्यातच लिहून ठेवलंय. तेवढ्या ओळीपाशी वक्त्याला नेमका खोकला येतो.

जमिनीचं बोलतो. आमच्या वाट्याला हाडकी-हाडवळा होता. डोंगरी गावात त्याचा अर्थ बहुतेक वेळा वरकस उतार. दगड, मुरूम आणि कुसळ. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, जमीन नजराणा भरून परत घ्या म्हणाले. ज्याच्या घरात संध्याकाळचं पीठ नाही तो नजराणा भरणार? कुणी भरला, कुणाची जमीन तशीच गेली, कुणाची नव्या शर्तीवर राहिली आणि पुढं पुण्याच्या एजंटानं अंगठा घेऊन लाटली. मग जो उतार गावाला नको होता त्यावर आमची माणसं पेरत राहिली. कागद नाही, म्हणून अतिक्रमण. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा वाटलं आता काही होईल. त्यात आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा होता. आम्ही पडलो 'इतर पारंपरिक वननिवासी'. आम्हाला तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा रहिवास शाबीत करायचा. ज्यांच्या आज्याला पाटी शिवू दिली नाही त्यांच्या नातवाकडं पंचाहत्तर वर्षांचा कागद मागायचा, याला म्हणतात कायद्याचं राज्य.

आणि बरोब्बर त्याच बिनकागदाच्या उतारावर खड्डे पडतात! रस्त्यापायी, खाणीपायी, धरणापायी दुसरीकडं कुठं जंगल गेलं की त्याची भरपाई म्हणून झाडं लावायची, असा १९८० च्या वन कायद्यामागून आलेला रिवाज आहे. २०१६ मध्ये त्या पैशासाठी कॅम्पाचा वेगळा कायदाही झाला. भरपाईला जागा लागते. ती बागायतदाराच्या उसात मिळत नाही, बिल्डरच्या प्लॉटात मिळत नाही. ती गायरानात मिळते, वरकसात मिळते. कुंपण पडतं, पाटी लागते, काल जिथं शेळी चरत होती तिथं आज गुन्हा दाखल. झाड आमच्या विरुद्ध पोलिसासारखं उभं केलं जातं. मग त्याला कुणी रात्री लाथ मारली तर लगेच अडाणी, निसर्गद्रोही. साला, झाडाला बंदूक देऊन उभं करणारे कोण ते आधी बघा.

२०१६ पासून राज्यानं आकडे फेकले. दोन कोटी, मग चार, मग तेरा, आणि २०१९ ला तेहतीस कोटी. तेहतीस कोटी! आकडासुद्धा देवांच्या हजेरीपटातूनच उचलला. पुढं किती जगली यावर विधिमंडळात इतका गदारोळ झाला की चौकशीला आमदारांची समिती नेमावी लागली. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. खड्डा मोजणारे पुष्कळ होते, झाड मोजणारा कुणी नव्हता.

कारण झाड लावणं म्हणजे काय हेच यांना माहीत नाही. उघडा, खरवडलेला, उभा उतार घ्या. त्यावर मजुरांकडून ओळीनं चौकोनी खड्डे पाडायचे म्हणजे उरलीसुरली माती मोकळी करून पावसाच्या हवाली करायची. घाटमाथ्यावरचा जुलै म्हणजे काय चेष्टा आहे? पहिल्याच झडीत खड्डा भरतो, काठ फुटतो, रोप आणि माती दोन्ही ओढ्यात. वाचलेलं रोप फेब्रुवारीत तहानेनं मरतं, राहिलेलं मार्चच्या वणव्यात. उभ्या उतारावर टँकर जात नाही, बाईच्या डोक्यावरचा हंडा किती जाईल?

तेव्हा हिरवं दाखवायची घाई झालेल्यांनी सोपी वाट काढली. उंदीरमारी लावा. तिला गिरिपुष्प असं भटजीनं बारशात ठेवल्यासारखं नाव दिलंय, पण ती मध्य अमेरिकेची. फांदी खोचली की फुटते. सुबाभूळ मेक्सिकोकडची. अकेशिया ऑस्ट्रेलियाचा. सामाजिक वनीकरणाच्या काळापासून हेच चालू आहे. दोन वर्षांत डोंगर हिरवा, अहवाल हिरवा, बिल पास. मला परदेशीचा राग नाही, मिरची आणि बटाटासुद्धा बाहेरूनच आले. पण एकाच जातीचं झाड सगळा उतार बळकावून बसतं, दुसऱ्याला वर येऊ देत नाही, याला आपण काय म्हणतो ते तुम्हाला सांगायला नको.

आमच्या शेजारच्या वाडीत एक कातकरी म्हातारा आहे. त्याला अक्षर येत नाही. त्यानं मला एकदा उघड्या डोंगरावर बसवून शिकवलं. म्हणाला, "झाड लावायला कशाला निघालास, ते हितंच हाय." आणि गवतात दडलेला खुंट दाखवला. ऐनाचा. दर वर्षी तुटतो, दर वर्षी जळतो, दर वर्षी फुटवा काढतो. खाली मूळ जिवंत, जुनं, माणसाच्या मांडीएवढं. "ह्याला तीन साल कोयता नको, आग नको, मंग बघ." ऐन, हिरडा, जांभूळ, अंजन, गेळा, किती खुंट निघाले त्या एका उतारावर! कंपनीच्या रोपाला वर्षभर पाणी पाजायचं, आणि पन्नास वर्षांचं मूळ आयतं जमिनीत असताना त्याच्यावरच खड्डा घालायचा, ही यांची अक्कल.

जिथं खुंटही उरला नाही, जिथं जेसीबीनं आतला तांबडा मुरूम वर काढलाय, तिथं आधी झाड नकोच. तिथं आधी गवत. वाळ्याचं मूळ सरळ खाली जातं, तीन-तीन मीटर. उताराला आडव्या ओळीनं त्याचे ठोंब लावायचे. पाणी आडवं येतं तिथं अनगड दगडांचे बांध घालायचे. मग निर्गुडी, तिच्या फांद्या रोवल्या की जगतात. धायटी, करवंद, रामेठा ही दगडातून वर येणारी झुडपं. शेळी त्यांच्या वाटेला फारशी जात नाही. आणि कारवी. कारवीला आपण ओळखतो दोस्तांनो, तिच्या काठ्यांच्या कुडात शेण-माती लिंपून आपले आजे-पणजे राहिले. सात वर्षं ती नुसती झुडूप असते, उतार धरून बसते. आठव्या वर्षी सगळी एकदम फुलते, बी टाकते आणि मरते. त्याच बियांतून पुढच्या पावसात पुन्हा उतार भरतो. एवढी झाल्यावर त्यांच्या सावलीत पांगारा, उंबर, हिरडा, बेहडा. बी टोकायचं, पहिल्या पावसाच्या आधी. उतारावर स्वतः रुजलेल्या बियाचं मूळ थेट खडकाची फट शोधतं. पिशवीत वळसे घेतलेलं मूळ तिथं आंधळं होतं. याला पाच-सात वर्षं लागतात. एका रविवारी होत नाही.

आणि एक गोष्ट यांच्या पत्रकात कधीच नसते. झाड म्हणजे डोंगराला ठोकलेला खिळा नव्हे. गवत-झुडूप वरची माती धरतं, पाण्याची धाव कमी करतं. पण पायथा कापलेला डोंगर पाण्यानं आतून फुगला आणि खोलवरून सुटला, तर तो झाडासकट खाली येतो. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये तसाच आला. १५१ माणसं. बहुतेक महादेव कोळी. २२ जुलै २०२१ ला वरंध घाटाखाली महाडच्या तळियेत, ऐंशीच्या वर. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर. ठाकरांची वाडी, २७ प्रेतं हाती लागली, ५७ माणसं मातीतच राहिली. माळीणनंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं पुणे जिल्ह्यातली २३ गावं धोक्याची दाखवली. भोरमधल्या कोंढरीची, धानवलीची नावं पावसाळा आला की पेपरात येतात आणि पाऊस ओसरला की जातात. या गावांना कुणी बांबूची रोपं वाटून गप्प करत असेल तर ती फसवणूक आहे. तिथल्या माणसाला आधी सुरक्षित जागा, पक्कं घर आणि जमीन. डोंगराचा पायथा कापणाऱ्या यंत्राला आधी बंदी. रोपाची गोष्ट त्यानंतर.

देवरायांवरही बोललंच पाहिजे, कारण देशी झाडाचा विषय निघाला की आमचे भाबडे मित्र लगेच देवरायांपुढं लोटांगण घालतात. भोर-वेल्ह्यात देवराया आहेत, हे खरं. बाकी डोंगर भट्टीत गेला तेव्हा तेवढाच तुकडा राहिला, हेही खरं. जुन्या जंगलाचं बी आज तिथंच सापडतं. पण गावची संस्कृती म्हणून तिचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही सांगावं, की आमच्या गावच्या राईत बाईला वेळेकाळेला बंदी होती आणि महाराला तर देवाच्या सणाला लाकूड बाहेरून आणून टाकायचं, आत पाऊल नाही. माझ्या आज्यानं ते लाकूड वाहिलंय. आता मी तिथं जातो, पडलेला बेहडा वेचतो. बी घेतो. देव तिथंच ठेवतो. कुणाची भावना दुखावली तर त्यानं येऊन माझ्याशी बोलावं.

तर मागणं काय? खड्ड्याचा दर नको. उताराचा पगार पाहिजे, पाच वर्षांचा. लावणारा, राखणारा, आग विझवणारा माणूस तोच, आणि जगलेल्या झाडाचे पैसे त्याच्याच हातात. रोपवाटिका ठेकेदाराची नको, वाडीतल्या बायांची हवी. कुठल्या उतारावर काय लावायचं ते कातकऱ्याला विचारा आणि ज्ञानाचे पैसे द्या, तुम्ही सल्लागाराला देता तसे. हिरडा, करवंद, मध, गवत यांच्यावर हक्क राखणाऱ्याचा, ग्रामसभेच्या ठरावानं, लेखी. ग्रामसभेत आमचा माणूस दाराशी बसणार नाही, हे धरून. आणि ज्या उतारावर भूमिहीन पेरतोय तिथं त्याचा कागद झाल्याशिवाय एकही कुदळ पडता कामा नये.

आता तुमच्याशी. जनता वसाहतीत, पर्वतीच्या उतारावर राहणाऱ्या पोरांनो, येरवड्याच्या, ताडीवाल्या रोडच्या पोरांनो. आपल्यातली कितीतरी आता आयटीत, बँकेत, कॉलेजात आहेत. पुढच्या जूनला तुमच्याही अंगात तो टी-शर्ट येईल, तुम्हीही त्या बसमध्ये असाल. जा. पण खाली उतरल्यावर पहिला प्रश्न मोठ्यानं विचारा, की हे खड्डे कुणी खणले आणि तिला किती दिले. फोटोत तिला मधे उभी करा. मागच्या वर्षीची रोपं कुठं आहेत ती दाखवा म्हणा. पोरगी गोड आवाजात "जरा बाजूला व्हा" म्हणाली तर होऊ नका.

आणि बस जूनची असते, वणवा फेब्रुवारीत लागतो. पानशेतच्या वरच्या अंगाला आम्ही एका वाडीच्या उतारावर ऐनाचे खुंट राखायला घेतलेत. जानेवारीअखेर गवत कापून जाळरेषा काढायची आहे, पुढं होळीपर्यंत रात्रीची राखण. भाकरी वाडीत मिळेल, कोयता ज्यानं त्यानं आणायचा. किती जण येताय ते कळवा.